पाण्याचं चित्र कुठे गेलं?

पिंपरीहून भोसरीला जाणाऱ्या शेअर रिक्षात मागे तिघं बसतात आणि चौथा कोंबला जातो. त्या दिवशी तो चौथा नेमका निवेदिताच्या वाट्याला आला. मांडीवर लॅपटॉपची बॅग, कोपर थेट तिच्या डब्यावर. तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती फोनवर मैत्रिणीपाशी, ऋतापाशी, मन मोकळं करत होती.

“अगं, रात्रीतून सगळी चित्रं हलवली त्या ॲपवाल्यांनी. माझ्या वर्गातली करिष्मा तोंडानं बोलत नाही. टॅबवरच्या चित्रावर बोट ठेवलं की टॅब तिच्या वतीनं बोलतो. पाणी वरच्या डाव्या कोपऱ्यात, हे तिच्या हातात बसायला गणपती गेले, दिवाळी गेली, संक्रांत आली. आता त्या जागी झोपेचं चित्र. कुठल्या अतिशहाण्याला हे सुचलं, एकदा भेटू दे मला.”

“रंगांप्रमाणे लावलीत,” शेजारून हळूच आवाज आला. “म्हणजे... जरा सुटसुटीत दिसावं म्हणून.”

“तुम्हाला काय माहीत?”

“मीच — हलवलीत.” तो ओशाळला. “सलिल. करिष्माचं नाव तुमच्या तक्रारींत वाचलंय. तुमच्याच शाळेत निघालोय.”

निवेदितानं फोन ठेवला. रिक्षा सिग्नलला अडकली होती. त्याला पळायची सोय नव्हती आणि तिला बोलायची भरपूर सोय होती.

“मी तुमच्या घरी येऊन मिठाचा डबा रोज नव्या जागी ठेवला तर?”

“मला स्वयंपाक येत नाही.”

“दिसतंच आहे.”

तो हसला. चष्म्यामागचे डोळे बारीक करून, अगदी मनापासून. तिला ते हसू आवडलं, आणि आवडलं म्हणून आणखीच संताप आला. मेला, याला आत्ताच असं हसायचं होतं.

शाळेत शेजारच्या कारखान्यातल्या प्रेस मशीनची धडधड नेहमीसारखी भिंतीतून येत होती. करिष्मा खिडकीपाशी बसली होती. तिचा हात टॅबकडे न बघताच वरच्या डाव्या कोपऱ्यात गेला.

“झोप,” टॅब म्हणाला. तो आवाज निवेदिताचाच होता. टॅबच्या मूळ यांत्रिक आवाजाकडे पोर ढुंकून बघत नसे, म्हणून तिनं शब्दन्‌शब्द स्वतः रेकॉर्ड केला होता.

करिष्मानं पुन्हा दाबलं. झोप. पुन्हा. झोप. मग तिनं टॅब ढकलला आणि स्वतःचं मनगट दातांत धरलं. निवेदितानं बाटली पुढे केली, पण आता तिला पाणीही नको होतं.

दारात करिष्माचे वडील उभे होते. ज्योतीराम, बीडकडचे, रात्रीची शिफ्ट संपवून आलेले. “मॅडम, ऱ्हाऊ द्या आता. लेकरू घरीबी डोकं आपटायलंय. सोमवारी गावाकडं आजीपाशी नेऊन सोडतो.”

“गावाला अशी शाळा आहे का?”

“न्हाई. पर असा तरासबी न्हाई.”

“शनिवारी एकदा वर्गात येऊन बघा, मगच ठरवा. तेवढं ऐका माझं.”

“बघू,” म्हणत ते गेले. फळ्यापाशी उभ्या सलिलच्या चेहऱ्यावरचं हसू केव्हाच मावळलं होतं. “मला वाटलं होतं, एक चित्र इकडचं तिकडे झालं तर काय बिघडतं,” तो म्हणाला. निवेदिताला पुष्कळ बोलायचं होतं. त्याचा चेहरा बघून तिनं ते गिळलं, आणि गिळावं लागलं म्हणून चिडली.

दुसऱ्या दिवशी तो हजर. पोरांच्या बुटक्या खुर्चीत, गुडघे हनुवटीला. जुनी मांडणी त्यानं तशीच्या तशी परत लावली, आणि बाईंनी परवानगी दिल्याशिवाय एकही चित्र हलणार नाही, असं कुलूप ॲपला घातलं. तरी करिष्मा टॅबला हात लावेना. तो मात्र रोज येत राहिला.

“तुम्हाला ऑफिस नाही का?”

“आहे. तिथेही तुमचाच आवाज कानात असतो. पाणी, झोका, परत... आणि नको. तुमचं ‘नको’ फार ठसठशीत आहे.”

“सवय आहे मला नको म्हणायची.”

“ऐकलंय,” तो म्हणाला, आणि उगाच स्क्रीनकडे बघत राहिला. निवेदितानंही उगाच फळा पुसला, जो मुळात कोराच होता.

शनिवारी ज्योतीराम आले ते थेट शिफ्टवरून, घामानं थबथबलेले. करिष्मानं बापाकडे बघितलं. मग आठवडाभरात पहिल्यांदा तिचा हात टॅबकडे गेला, वरच्या डाव्या कोपऱ्यात.

“पाणी.”

निवेदिता बाटली घेऊन धावली. करिष्मानं बाटली बाजूला सारली आणि दुसऱ्या चित्रावर बोट ठेवलं.

“बाबा.”

मग पुन्हा, “पाणी.”

ज्योतीराम उंबऱ्यावरच बसले. बाटली त्यांनी दोन्ही हातांनी घेतली आणि तोंडाला लावली. “सोमवारचं ऱ्हाऊ द्या, मॅडम,” ते म्हणाले, आणि शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं.

नंतर मागच्या अंगणात करिष्मा झोक्यावर बसली. टॅब निवेदिताच्या हातात होता. सलिलनं बॅग खांद्याला लावली होती.

“काम संपलं. आता मला यायला... कारण नाही.”

“तुम्हाला दर गोष्टीला कारण लागतं का हो?” ती वैतागून म्हणाली.

“नाही. पण तुम्हाला लागेल असं वाटलं.” तो अडखळला. “निवेदिता, मला तुम्ही आवडता. रागावता तेव्हा जरा जास्तच. म्हणजे... जवळजवळ सतत. मी येत राहिलो तर चालेल? तुमच्यासाठी?”

दिवसभर जिची जीभ चालते तिला नेमकं आत्ता काही सुचेना. छातीत शेजारच्या प्रेस मशीनपेक्षा मोठी धडधड. स्वतःचाच राग आला तिला. ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि तिचं बोट टॅबच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात गेलं. बघायची गरजच नव्हती, जागा ठरलेली होती.

“हो,” टॅब म्हणाला. तिच्याच आवाजात.

सलिलचे डोळे चष्म्यामागे बारीक झाले. तेवढ्यात झोका थांबला. करिष्मानं हात लांब करून टॅबवर बोट ठेवलं.

“परत.”

निवेदितानं झोक्याला हात लावला, तर करिष्मानं मान हलवली. झोका नको होता. सलिलकडे बघत तिनं पुन्हा दाबलं.

“परत.”

या वेळी निवेदितानं टॅब बाजूला ठेवला.

“हो,” ती म्हणाली. स्वतःच्या तोंडानं.