एकाच औषधाची दोन नावं

"तुला शिवणाला मोकळीक हवी, म्हणून तू नानांना गोळ्या देऊन झोपवतेस," वडिलांना आपल्या घरी न्यायला त्यांच्या कपड्यांची बॅग उचलत धाकटा भाऊ म्हणाला, आणि शिलाई मशीनपाशी उभ्या असलेल्या ताईच्या हातातली कात्री तशीच उघडी राहिली...

नानांच्या कपाळावर टेंगूळ होतं; सकाळी न्हाणीघराच्या दारात झोक जाऊन ते पडले होते. डोळ्याला भिंग लावून केसाएवढी स्प्रिंग बसवण्यात ज्याचं आयुष्य गेलं, तो घड्याळजी गेले दोन महिने घास हातात धरून पेंगत होता, बोलता बोलता मध्येच थांबत होता. बाहेरून बघणाऱ्याला भावाचं म्हणणं खरंच वाटलं असतं.

"बाबू, यादी तरी घेऊन जा," ती शेवटी म्हणाली. "सकाळच्या चार, संध्याकाळच्या तीन. बरोबर सातला."

त्याने यादी घेतली, पण तिच्याकडे पाहिलं नाही. नाना दारात थांबले. "माझ्यापायी भांडू नका रे," असं म्हणाले, आणि आपण कशाला थांबलो होतो तेच विसरल्यासारखे चालू लागले.

आई गेली तेव्हा ताई एकोणीस वर्षांची होती आणि बाबू नऊ. शर्टाच्या कॉलरी शिवून तिने त्याला शिकवलं. एक स्थळ चांगलं चालून आलं होतं. मुलगी पसंत आहे, पण पाठचा भाऊ आमच्याकडे येणार नाही, एवढीच त्या लोकांची अट होती. तिने नकार कळवला आणि दुसऱ्या दिवशी दोन डझन कॉलरी जास्त शिवल्या. त्या त्यागाचा उच्चार तिने कधी केला नव्हता; तिच्या लेखी तो त्याग नव्हताच. म्हणूनच बहुधा तो शब्द, झोपवतेस, तिला इतका खोल लागला.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती औषधं आणायला निघाली. नानांबरोबर दिलेल्या गोळ्या आठवडाभरात संपणार होत्या, आणि कुठली कुठे मिळते हे बाबूला माहीत असण्याचं कारण नव्हतं. रक्तदाबाची गोळी ती कोपऱ्यावरच्या दुकानातून घेई. हृदयाच्या मोठ्या डॉक्टरांनी दोन महिन्यांपूर्वी सुरू केलेली गोळी त्यांच्याच दवाखान्याखालच्या दुकानातून. त्या दिवशी दवाखान्याखाली ती संपली होती. तेव्हा तिने रिकामी पाकिटं आणि डॉक्टरांचे कागद सगळे कोपऱ्यावरच्या दुकानात काउंटरवर ओतले.

दुकानातल्या फार्मासिस्ट बाईंनी दोन पाकिटं उचलली, कपाळावरचा चष्मा नाकावर आणला.

"या दोन्ही कोणासाठी?"

"वडिलांसाठी."

"एकाच माणसासाठी?" बाईंनी पाकिटं उलटी केली आणि अक्षरांखाली नख टेकवलं. "मोठं नाव सोडा. त्याखालचं बारीक वाचा."

ताईने वाचलं. मग दुसरं वाचलं. तोच शब्द होता.

"वरचं नाव कंपनीने ठेवलेलं, खालचं औषधाचं. हे एकच औषध आहे, ताई. रक्तदाब आणि हृदयाचे ठोके खाली आणतं. दुप्पट गेलं की माणूस मलूल होतो, त्याला घेरी येते, तो पडतो."

"पडतो," ताई म्हणाली.

"कधीपासून देताय?"

"दोन महिने. एकदाही वेळ चुकवलेली नाही."

हे वाक्य आपल्याच तोंडून ऐकून तिने दोन्ही पाकिटं हाताने झाकली. "मग दोन्ही बंद करायला सांगते," ती म्हणाली.

"मुळीच नाही. हे एकाएकी तोडलं तर हृदयावर उलटू शकतं. काय थांबवायचं, किती कमी करायचं, ते डॉक्टर सांगतील. थांबा, मी आत्ताच विचारते."

नेहमीच्या डॉक्टरांशी फोनवर बोलता बोलता बाई कागद चाळत होत्या. फोन ठेवून म्हणाल्या, "संध्याकाळची गोळी द्यायच्या आत त्यांना घेऊन बोलावलंय. घरात असेल नसेल ते सगळं औषध बरोबर आणा, अगदी खोकल्याचंसुद्धा." मग एका कागदावर बोट ठेवलं. "मोठ्या डॉक्टरांकडे कोण गेलं होतं? इथे लिहिलंय, सध्या चालू औषधं, नाहीत."

गेला होता बाबू. त्या दिवशी ताईला शाळेच्या गणवेशांचा माल पोचवायचा होता. तिने कागद घडी करून पिशवीत ठेवला.

"चूक घरातलीच आहे," ती म्हणाली.

भावाने फोन दोनदा कापला. साडेचार झाले होते. ज्या घरात तिने पुन्हा पाऊल ठेवू नये अशीच त्याची इच्छा होती, त्या घरी जायला दोन बस बदलाव्या लागत.

दार भावजयीने उघडलं. आत नाना खुर्चीत मान टाकून बसले होते, आणि टेबलावर वाटीत संध्याकाळच्या तीन गोळ्या काढून ठेवलेल्या होत्या.

"आता काय राहिलं?" बाबूने विचारलं.

"चूक माझी झाली," ताई म्हणाली. "दोन गोळ्या वेगळ्या समजून देत होते. एकच औषध निघालं. नानांना गुंगी त्यानेच येते आहे."

बाबू ताईकडे वळला. "म्हणजे मी म्हणत होतो ते खरंच होतं."

"हो. आता चपला घाल. डॉक्टर थांबलेत."

नानांच्या नाडीचे ठोके मिनिटाला बेचाळीस भरले. त्यांना तीन दिवस दवाखान्यात ठेवलं. एक गोळी बंद झाली, दुसरीचं प्रमाण डॉक्टरांनी बेताचं केलं. तिसऱ्या दिवशी नानांनी नर्सला सांगितलं की भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं मागे आहे. सगळे हसले. मग बाबू त्यांना आपल्या घरी घेऊन गेला. ताईला कोणी काही विचारलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही.

पंधरा दिवसांनी तो एकटाच आला. कॉलरींच्या ढिगाशेजारी उभा राहिला.

"औषधं आणायला त्या बाईंच्या दुकानात गेलो होतो," तो म्हणाला. "कोणतं औषध कशासाठी, हे त्यांनी माझ्याकडून म्हणवून घेतलं. मग म्हणाल्या, उद्या नव्या डॉक्टरांनी विचारलं की आणखी काय चालू आहे, तर काय सांगाल?"

ताईने मशीन थांबवलं.

"ताई, मोठ्या डॉक्टरांनी मला हेच विचारलं होतं. मी 'काही नाही' म्हणालो. बाप काय घेतो हे पोराला ठाऊक नाही, हे बोलायची लाज वाटली मला..." त्याने वर पाहिलं. "त्यांनी ते लिहिलं होतं का?"

"लिहिलं होतं."

"तू वाचलंस?"

"दुकानातच."

"मग माझ्या तोंडावर का नाही मारलंस तो कागद? मी तुला काय काय बोललो. बायकोदेखत बोललो."

"नानांना नेलंस तेव्हापासून गोळ्या तुझ्या हातात होत्या, बाबू," ताई शांतपणे म्हणाली. "घाबरलेल्या हातात मला त्या द्यायच्या नव्हत्या."

तो खाली जमिनीवरच बसला. ताईने त्याच्याजवळचा कापडाचा ढीग थोडा बाजूला सरकवला.

जरा वेळाने त्याने खिशातून वही काढली. "नाना पुढच्या महिन्यापासून अर्धे दिवस तुझ्याकडे राहायचं म्हणतात. मी हो म्हटलंय. पण मला सगळं माहीत पाहिजे. सांग, मी लिहितो. मोठं नाव आणि बारीक नाव, दोन्ही."

ती सांगू लागली. तिसऱ्या औषधापाशी त्याला पुढचं दिसेना. त्याने डोळ्यांवर मनगट दाबलं आणि लहानपणी रडायचा तसा, तोंड मिटून रडला. ताई थांबली. त्याने पेन पुन्हा हातात घेतल्यावर तिने तिसरं नाव सावकाश, एकेक अक्षर सुटं करून, पुन्हा सांगितलं.