मेलितोच्या लग्नाचा घडा

"तुझ्या देवीचं नाक बोकडासारखं झालंय," मेलितो बोलून गेली आणि तिने जीभ चावली. आत्या शेजारीच उभी होती!

अथेन्सच्या कुंभारवाड्यात ती स्वतःच्या लग्नाचा घडा रंगवून घ्यायला आली होती. वधूच्या न्हाणाचं पाणी त्यातूनच यायचं. नवरा बंदरावरचा तेलाचा व्यापारी, दोन बायका पुरून बसलेला, बापाच्या वयाचा. मेलितोला विचारलंय कुणी?

चितारी एर्गिनोसने कुंचला थांबवला. "मग चांगलं नाक आणू कुठून? तुम्हीच जरा... उजेडाकडे वळा ना."

ती वळली. का वळली, देवच जाणे!

मग ती आत्याला ओढत येतच राहिली. कधी घड्याची मान आखूड वाटे, कधी कान वाकडे. घड्यावर पेलेउस नावाच्या वीराने लग्नासाठी थेटिसला कवेत धरलं होतं. ती समुद्राची देवी सिंहीण होई, नागीण होई, आग होई, पण गडी काही सोडत नव्हता.

"अजून काही खोट?" एर्गिनोस हळूच विचारी.

"चितारी फार बघतो."

"न बघता काढू कसं?"

हसू लपवताना तिच्या नाकी नऊ येत. लग्न मात्र जवळ येत होतं.

भट्टी उघडली त्या सकाळी मालकाने गरम घडा फडक्याने पुसला. काळ्याभोर रंगात थेटिस लालचुटूक उजळली होती. तिच्या डोक्यावर अक्षरं होती. मालकाने ती मोठ्याने वाचली, "मेलितो... सुंदर आहे."

आत्याने आ वासला. प्याल्यांवर देखण्या पोरांची नावं लिहायची रीत होती, पण घरंदाज मुलीचं नाव? तेही तिच्याच लग्नाच्या घड्यावर?

"मी... खरवडणार होतो," एर्गिनोस म्हणाला. "कच्च्या मातीवर कच्चा रंग दिसत नाही म्हणून धीर झाला. मालकांनी परवा पहाटेच भट्टी लावली..."

"अथेनेमाते! सोयरीक मोडली म्हणायची!" आत्या कडाडली. "मालक, फोडा तो घडा आणि या मेल्याला हाकला! पुन्हा कुठल्या चाकापाशी उभा राहता कामा नये!"

मालकाने घडा उचलला. एर्गिनोस मान खाली घालून म्हणाला, "फोडा. पण लिहिलंय ते खोटं नाही, मेलितो. तू आहेसच."

आता गप्प राहिलं की सगळं संपणार होतं — घडा, एर्गिनोस, सगळंच! मेलितोने पुढे होऊन मालकाचा हात धरला.

"आत्या, त्याचा काही दोष नाही गं... मीच सांगितलं होतं त्याला लिहायला."

आत्या मटकन खाली बसली. एर्गिनोस तर डोळे फाडून बघतच राहिला, कारण असं तिने कधीच सांगितलं नव्हतं.

"आणि बाबांनाही मीच सांगणार आहे," मेलितो म्हणाली. "चल रे, एर्गिनोस. घडा तू धर, मला जड होतो."