डिस्कवरची हळद

"हात लावू नकोस त्याला! एकदा लावलास तेवढा पुरे झाला!"

दसऱ्याच्या सकाळी पाटावर मांडलेला सासऱ्यांचा, मार्तंडरावांचा कॅमेरा पुसायला गंधाली वाकली, आणि सासूबाईंचे हे शब्द तिच्या काळजात खोल उतरले. तिनं फडकं जयंतीबाईंच्या हाती दिलं. बरोबर एक वर्ष झालं होतं आज... एक वर्ष!

मार्तंडरावांची नोकरी छापखान्यातली, पण जीव कॅमेऱ्यात. दहिसरच्या चाळीतलं एक बारसं, एक हळद त्यांनी सोडली नाही, आणि प्रत्येक घरी फोटो स्वतः नेऊन दिला. निगेटिव्हच्या पेट्यांना बुरशी लागायला लागली तेव्हा, डोळे अधू झालेले असतानाही, चाळीस वर्षांचे फोटो त्यांनी कॉम्प्युटरवर चढवले आणि मगच डोळे मिटले. पुढे, चाळ सोडून घर केलं होतं ती बोरिवलीची इमारतही पुनर्विकासाला गेली. भाड्याच्या घरात येताना गंधालीनं ते सारे फोटो एका हार्ड डिस्कवर हलवले. दुसऱ्या डिस्कवर आणखी एक प्रत करायची होती. पण सामानाच्या घाईत जुना कॉम्प्युटर आणि बुरशीनं पुरत्या खाल्लेल्या निगेटिव्हच्या पेट्या भंगारात गेल्या, आणि दुसरी डिस्क हाती आली ती गेल्या दसऱ्यालाच.

त्या सकाळी जयंतीबाईंनी कॅमेऱ्याशेजारी ती भरलेली डिस्कही पूजेला मांडली. भरल्या डोळ्यांनी फुलानं पाणी शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं. दुपारी गंधालीनं ती लॅपटॉपला जोडली मात्र... बारीकसा 'कट्' असा आवाज झाला, आणि तिच्यावरचा निळा दिवा विझला तो विझलाच!

"वहिनी, वायरच्या खाचेतून पाणी गेलंय आत," दुरुस्तीवाला म्हणाला. "आणि हे पिवळं काय? हळद? वाट लागली ना पार! आता यातून काही निघायचं नाही."

आणखी दोघांना दाखवलं, तरी उत्तर तेच. गंधाली दुकानाच्या पायरीवर बसली. ज्या हातांनी नवऱ्याच्या आठवणींची एवढ्या मायेनं पूजा केली, त्याच हातांनी त्या बुडाल्या, हे त्या माउलीला कोणत्या तोंडानं सांगायचं? ती घरी आली आणि म्हणाली, "आई, डिस्क माझ्या हातून पडली."

बस्स! त्या एका वाक्यानं घरातली तिची जागाच हरवली. नवरा, श्रेयस, तिच्याशी कामापुरतं बोलू लागला. कांदिवलीच्या नलिनीआत्यांनी तर चार पाहुण्यांसमोर सुनावलं, "काय गो, माझ्या भावाचा अख्खा जन्म पाडलास तू!"

गंधालीनं तेही गिळलं. पण ती रडत बसली नाही. मार्तंडरावांनी घरोघर वाटलेले फोटो कुठे ना कुठे असणारच, हे तिनं हेरलं. दर रविवारी पिशवीत लॅपटॉप आणि छोटा स्कॅनर घालून ती निघे. चाळ पांगली होती. कुणी कांदिवलीला, कुणी मुलुंडला, कुणी विरारच्याही पुढे. लोक कपाटावरचे अल्बम काढत, चहा ठेवत, मार्तंडरावांच्या गोष्टी सांगत. केवढी चिकाटी त्या पोरीची! कोणता फोटो कुणाच्या बारशाचा, कोणत्या सालचा, तेही ती लिहून घेई.

आज तिनं पाटासमोर दोन नव्या डिस्क ठेवल्या.

"आई, सगळे नाही मिळाले. दोन हजारांवर आहेत. एक डिस्क इथं राहील, दुसरी माझ्या माहेरी."

श्रेयसनं एक डिस्क लॅपटॉपला लावली. पहिलाच फोटो चाळीच्या गॅलरीतला... केसात अबोलीचा गजरा माळलेली तरणी जयंती कॅमेऱ्यामागच्या माणसाकडे बघून लाजत होती! जयंतीबाई कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग दोन्ही डिस्क त्यांनी पाटावर मांडल्या, पंचपात्रात फूल बुडवलं, आणि...

गंधालीचा तळवा विजेसारखा आडवा आला. पाण्याचे थेंब त्या तळव्यावर पडले.

जयंतीबाईंनी डिस्ककडे पाहिलं, हातातल्या फुलाकडे पाहिलं, मग सुनेच्या ओल्या तळव्याकडे.

"गंधाली... गेल्या वर्षी पण मी असंच पाणी शिंपडलं होतं."

"नाही हो आई, माझ्या हातून पडली..."

"खोटं बोलू नकोस! माझी शपथ आहे तुला!"

गंधालीचा हुंदका फुटला. तेच उत्तर होतं.

"मला तरी सांगायचंस गं!" श्रेयस कळवळला.

"सांगितलं असतं, तर वर्षभर माझ्याकडे जसं बघितलंस, तसं आईंकडे बघितलं असतंस."

जयंतीबाईंनी सुनेला छातीशी ओढलं आणि दोघी लहान मुलींसारख्या रडल्या.

संध्याकाळी नलिनीआत्या आपट्याची पानं घेऊन आल्या. घर पाहुण्यांनी भरलेलं. पाटावरच्या डिस्क बघून त्यांनी नाक मुरडलं. "परत घेतल्या ह्या डब्या? सुनेपासून लांब ठेव हो वयनी, नायतर पुन्हा घालवील!"

जयंतीबाई उठून उभ्या राहिल्या. आवाज शेवटच्या पाहुण्यालाही ऐकू जाईल इतका मोठा होता.

"नलू, फोटो हिनं नाही घालवले. मी घालवले, माझ्या हातानं. हिनं ते परत आणले... आणि वर्षभर माझा दोष स्वतःवर घेऊन माझ्याच शिव्या खाल्ल्या!"

मग साऱ्यांच्या देखत आपट्याचं पहिलं पान त्यांनी सुनेच्या हाती ठेवलं.