तलावावरचा डिले

नागभीडला बस थांबली तेव्हा एकच सीट रिकामी होती, नीलिमाच्या शेजारची. तीही अर्धीच. तिच्या मांडीवर एक काळा, चपटा, जडशीळ डबा होता आणि त्याचं एक टोक शेजारच्या जागेवर पसरलं होतं.

"बाई, तुमचा इन्व्हर्टर जरा सरकवा नं," कंडक्टर वैतागला.

"इन्व्हर्टर नाई जी तो," मागून आवाज आला. खांद्याला गिटार लटकवलेला एक उंच, सावळा तरुण चढत होता. "रॅक प्रोसेसर आहे... हो नं?"

नीलिमानं चमकून वर पाहिलं. वडशाला बापाच्या साउंड सर्व्हिसच्या दुकानात ती सहा वर्षं यंत्रं उघडत-जोडत होती. असल्या डब्याला आजवर कोणी डीव्हीडी प्लेअर म्हटलं होतं, कोणी स्टॅबिलायझर. नावानं हाक मारणारा हा पहिलाच.

"तुमाले कसं माहीत?"

"फोटो पाहून पाहून. खरा आजच दिसला." तो लहान मुलासारखा हसला. "हात लावू का?"

"लावा. पन मंग अर्धं वजनही घ्या."

तो बसला. डबा दोघांच्या मांड्यांवर आडवा झाला. ब्रह्मपुरी गेली, वैनगंगेचा पूल आला, आणि खड्डा आला की दोघांचे हात एकदमच डबा धरायला जायचे... एकदा त्याची बोटं तिच्या बोटांवर पडली. त्यानं झटकन हात काढला आणि उगाच खिडकीबाहेरच्या कापलेल्या धानाकडे पाहत राहिला. नीलिमाला हसू आलं. ते तिनं ओढणीत लपवलं.

त्याचं नाव प्रफुल. नागभीडजवळच्या एका गावचा, तलावातल्या मासोळीवर जगणाऱ्या घरातला. वडशाच्या एका नाटक मंडळीत गिटार वाजवायचा. दिवाळीपासून होळीपर्यंत ह्या झाडीपट्टीच्या मुलखात गावोगाव नाटकं होतात आणि वाजवणारे मंचासमोरच्या खड्ड्यात बसतात. तिथं धूळ, दव, वायरीत अडकणारे पाय. पायाशी मांडलेल्या, आवाज बदलणाऱ्या छोट्या पेडलांचा दर मोसमात चुराडा व्हायचा. म्हणून त्याला रॅक हवा होता. लोखंडी पेटीत स्क्रूनं घट्ट बसलेला एकच डबा, ज्यातून गिटारचा आवाज घुमत, लांबत, पसरत बाहेर येईल.

"दुकानात या," उतरताना ती म्हणाली. "दोन आहेत. ऐकून पाहा."

तो दुसऱ्याच दिवशी आला. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी लटारूभाऊंनी, म्हणजे नीलिमाच्या बापानं, चष्म्यावरून पाहत विचारलं, "ह्या पोऱ्याले घ्याचं आहे का नुसतं ऐकाचंच आहे?"

"ऐकल्याबिगर कसं घेतीन, बाबा?" नीलिमाच म्हणाली.

टेबलावर दोन डबे होते. एक जुना जपानी. दोनच कामं करायचा, डिले आणि रिव्हर्ब, म्हणजे सूर जरा उशिरानं परत आणणं आणि घुमवणं. चार बटणं, पण आवाज उबदार, जरा धुरकट. दुसरा बसमधला, नवा. त्यात दोनशे जागा होत्या. प्रत्येक गाण्याचा आवाज आधीच बसवून ठेवायचा आणि पायानं कळ दाबली की बदलला. प्रफुल दोन्हींवर वाजवायचा, डोळे मिटायचा आणि मान हलवायचा.

"नाई... तसा नाई येत."

"कसा?" नीलिमानं विचारलं. "तुमाले कसा पाह्यजे ते तरी सांगा."

त्यानं गिटार मांडीवरून उतरवली. मग म्हणाला, "सांगता नाई येत. दाखवता येते. याल?"

दुसऱ्या दिवशी दुपारी ती त्याच्या गावच्या तलावाच्या पाळीवर उभी होती. पलीकडे काळ्या दगडाची टेकडी, मध्ये निळंकरडं पाणी. प्रफुलचा बाप, इस्तारीभाऊ, डोंग्यात उभा राहून मासे जाळ्याकडे हाकायला काठीनं पाणी बडवत होता.

थप्प...

आणि टेकडीवरून तो आवाज परत आला. जरा उशिरा, जरा मऊ होऊन, कडा झिजल्यासारखा.

"हाच," प्रफुल हळूच म्हणाला. "मी एवढासा होतो, पाळीवर बसून राहाचो. बाबा दिसत नसला तरी ह्या दुसऱ्या आवाजावरून समजे, आहे तो तिथी. नाटकात माय मरते, पोरगा एकटा राहते, त्या गाण्यात मले हा पाह्यजे."

नीलिमानं फोनवर तो आवाज भरला, थाप आणि तिचा पडसाद यांमधलं अंतर मोजलं. अर्ध्या सेकंदाहून किंचित जास्त. मोजता मोजता तिच्या लक्षात आलं की आपण फोनकडे पाहतच नाही आहोत. आपण त्याच्या मिटलेल्या पापण्यांकडे पाहतो आहोत.

"जमन हे," ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला अनोळखी वाटला. "तुले जमवून देते मी."

तुमाले-चं तुले कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. दोघांनी ते दुरुस्तही केलं नाही.

परतीच्या वाटेवर मात्र प्रफुलनं सांगितलं, "हैदराबादच्या एका बँडनं बोलावलं आहे. पुढच्या महिन्यात ट्रायल. घेतलं तर तिथीच राहा लागन. रॅक त्याच्यासाठीबी पाह्यजे."

नीलिमा "हव" म्हणाली. 

त्या बँडच्या एका कार्यक्रमात पंचवीस गाणी असणार. जुन्या डब्याच्या चार बटणांचं ते काम नव्हतं. नवा डबाच लागणार होता, आणि तलावाचा आवाज त्यातही बसला असता. डिलेची कड थोडी कापली की झालं. हे तिला लख्ख माहीत होतं. आणि तरीही सकाळी दुकान उघडताना तिनं नव्या डब्याला एक खराब वायर लावली, आतली शील्ड, म्हणजे तारेवरची जाळी, तुटलेली. प्रफुल आला, वाजवायला बसला, आणि प्रत्येक सुराखाली घूंऽऽ असा हम घोंगावू लागला.

"ह्याच्यात हम आहे," ती त्याच्याकडे न पाहता म्हणाली. "नाटकाच्या जनरेटरवर तर अजून वाढन. जुनाच घे."

प्रफुलनं तिच्याकडे पाहिलं. एक क्षण... मग मान डोलावली.

"तू म्हणते तर जुना."

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, असा तो विश्वास होता.

तीन दिवसांनी मंडळीच्या तालमीला नीलिमा माईक लावायला गेली. माय मरण्याच्या प्रवेशात प्रफुलनं गिटार छेडली आणि तलाव आला. मायचं काम करणाऱ्या केसरबाई डोळे पुसत उठल्या. पण लगेच पुढे लग्नाचं गाणं. प्रफुल वाकून बटणं फिरवू लागला, एक जास्त फिरलं, आवाज रडका होऊन घुमत राहिला. नटी थांबली. डायरेक्टर ओरडला, "अबे, लगन आहे का मयत?"

सगळे हसले. प्रफुलही हसला. पण त्याचे कान लाल झालेले नीलिमाला दिसले.

दुसऱ्या दिवशी कार्तिकातला अवेळी पाऊस लागला. लोक शेतात कापून पसरलेल्या धानाच्या कडपा झाकायला धावत होते आणि नीलिमा नवा डबा प्लास्टिकमध्ये गुंडाळून नागभीडच्या बसमध्ये चढत होती. प्रफुलच्या घरी पोचेपर्यंत ती निथळत होती. डबा मात्र कोरडा होता.

"हा घे," ती ओसरीवरूनच म्हणाली. "ह्याच्यात हम नाई. कधीच नव्हता. खराब वायर मीच लावली होती."

प्रफुल हातातलं जाळं तसंच धरून उभा राहिला. "काऊन?"

तिला कितीतरी सांगायचं होतं. तोंडातून एवढंच निघालं, "तू जाशीन म्हणून..."

पागोळ्या पडत होत्या. त्यानं जाळं खुंटीला अडकवलं.

"मले आवाजातलं तुझ्याइतकं कळत नाई," अखेर तो म्हणाला. "म्हणूनच तुले विचारत होतो नं मी. कोनी हसलं तर चालते, नीलिमा. पन तू..."

 तिनं डबा ठेवला, तलावाचा आवाज कितव्या जागेवर बसवलाय ते सांगितलं, आणि थांबायला कोणी म्हणायच्या आत पावसात निघाली.

मग दिवस गेले. दुकानाच्या दारात सावली पडली की ती मान वर करायची. कोणी पंखा घेऊन यायचं, कोणी मिक्सर. लटारूभाऊ काही विचारत नसत, पण दुपारचा चहा तिच्या हातात स्वतः आणून देऊ लागले होते.

सोळाव्या दिवशी फोन वाजला.

"उद्या सकाळच्या गाडीनं निघतो," प्रफुल म्हणाला. "वडशावरूनच बसतो, पेटी मंडळीच्या हापिसात आहे. बल्लारशाले गाडी बदलाची." थोडं थांबून, "...ठेशनावर कोनी आलं तर बरं वाटन."

"कोनी म्हणजे?"

"कोनीबी. जिले रॅकचे स्क्रू कसता येतात अशी कोनीबी."

ती गेली. फलाटावर ऊन कोवळं होतं. पेटी दोघांमध्ये होती आणि दोघं पेटीकडेच पाहत होते.

"राग गेला?" तिनं विचारलं.

"सगळा नाई गेला. पन इतक्या दिवसांत एक समजलं. रागात होतो तरी रोज तुलेच सांगाचं राह्यलं वाटे. आज डिले असा वाजला, आज तसा... दुसऱ्या कोनाले सांगू? कोनाले समजन?" त्यानं आता सरळ तिच्याकडे पाहिलं. "मले तू पाह्यजे, नीलिमा. हैदराबाद झालं तरी, नाई झालं तरी. तुले?"

गाडी लागली. प्रफुलनं पेटीची एक कडी धरली. दुसरी नीलिमानं धरली. पेटी आत गेली, तिच्यामागोमाग तीही आत गेली आणि खाली उतरली नाही.

"अवो, सुटली गाडी!"

"सुटू दे. बल्लारशापर्यंत येते. संध्याकाळच्या गाडीनं परतीन." ती खिडकीशी बसली. तिनं ओढणी सारखी केली. "हैदराबादले दुकान टाकता येते का, ते पुढं पाहू. खोटं मात्र बोलनार नाई मी आता. मले पन तूच पाह्यजे. केव्हाचाच."

प्रफुलनं आपला हात सीटवर तिच्या हाताजवळ ठेवला. ह्या वेळी तो मागे घेतला नाही.

नागभीड मागे पडलं, तसा तिचा फोन वाजला. लटारूभाऊ.

"कुठी आहेस वो? दुकान बंद दिसते."

नीलिमानं एकदा प्रफुलकडे पाहिलं आणि डोळे मिटून सांगून टाकलं, "गाडीत आहो, बाबा. प्रफुलसोबत."

 चाकांचा आवाज तेवढा येत राहिला. 

"सकाळी उपाशीच गेली तू," लटारूभाऊ म्हणाले. "मूल ठेशनावर गाडी थांबते. काही घेऊन खा." मग खाकरून, जरा हळू, "दोघंबी खा."