धक्क्यावरचा कॅमेरा

मंगळ्याची ट्यूब मुळशी धरणाच्या काठाला लागली तेव्हा ती उभी चिरलेली होती. जाळं तिलाच गुंडाळलेलं. मंगळ्या मात्र कुठंच नव्हता.

परवा अंधार पडल्यावर तो त्या हवा भरलेल्या ट्यूबवर बसून मासे धरायला गेला होता. त्याची बायको सखू तेव्हापासून काठ सोडत नव्हती. फौजदार हेमलता ढमाले यांनी रबरावरून बोट फिरवलं. काट्याकुट्यानं एवढी सरळ चीर पडत नाही.

समोरच जयसिंग मालकांचं रिसॉर्ट. धक्क्याला त्यांची मोटारबोट बांधलेली आणि खांबावर पाण्याकडे रोखलेला कॅमेरा.

जयसिंगांनी खिशातल्या किल्लीनं ऑफिस उघडून दिलं. कॅमेऱ्याचं चित्रण तिथल्या कॉम्प्युटरमध्ये साठत असे. पण तो सुरूच होईना. काळ्या पडद्यावर एकच ओळ उमटत होती : सुरू करण्याजोगी डिस्क सापडत नाही.

जयसिंगांनी सगळं खापर मॅनेजर किशोरवर फोडलं. व्हायरस शिरला म्हणून काल त्याला नवी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायला सांगितली, त्यानं सगळं पुसून ठेवलं आणि तेव्हापासून मशिन एकदाही चाललं नाही, असं ते म्हणाले. धक्क्यापाशी जाळं टाकण्यावरून किशोरचं मंगळ्याशी वाजलं होतं, हे सखूनं आधीच सांगितलं होतं.

स्वयंपाकीण नलिनी चहा घेऊन आली. काल कोण कोण होतं, असं हेमलतांनी विचारलं. पाहुणं कुणी न्हवतं, ती म्हणाली, रातच्याला मी आन् मालकच, पण कॉम्प्युटरवरची गाणी किशोर घरी गेल्यावरबी वाजत व्हती, निस्तं डोकं उठलं.

हेमलतांनी कॉम्प्युटरचं झाकण उघडलं. आत धुळीचा थर होता. एक चौकोनी जागा तेवढी लख्ख, आणि शेजारी एक वायर मोकळी लोंबत होती. मग त्यांनी आपल्या पेनड्राइव्हवरच्या सिस्टिमनं मशिन चालवलं आणि बराच वेळ डिस्क तपासली.

“किशोर, यात डिस्क किती होत्या?”

“दोन,” किशोर पुटपुटला. “कॅमेऱ्याचं दुसरीवर जातं. ती मी पुसली न्हाई.”

“खोटं बोलतंय पोरगं,” जयसिंग म्हणाले. “एकच हाय. आन् दुसरी आसलीच, तर ह्यानंच नेली आसंल.”

“दुसरी होती,” हेमलता म्हणाल्या. “नवी सिस्टिम या डिस्कवर पूर्ण बसलीय. पण मशिनला जागं करणारा छोटा भाग इथं नाही. दोन डिस्क जोडलेल्या असल्या की तो कधी कधी दुसरीवर जाऊन बसतो. ती काढली की मशिन मेलं. काढणाऱ्याला वाटलं, तिच्यावर फक्त चित्रण आहे.”

“मंग किशोरनंच काढली.”

“किशोर गेल्यावरही गाणी वाजत होती. म्हणजे तोवर दुसरी डिस्क आतच होती. मशिन एकदाही चाललं नाही, असं तुम्ही सांगितलंत. रात्री इथं नलिनीबाई आणि तुम्ही, आणि ऑफिसची किल्ली तुमच्या खिशात. सगळं पुसून घेतल्यावर कॅमेऱ्याची डिस्क तशीच राहिल्याचं तुमच्या लक्षात आलं, आणि तुम्ही ती उपसलीत. ती ट्यूब बोटीच्या पंख्यानं चिरलीय, मालक. बोट तुमच्याशिवाय कुणी चालवत नाही.”

जयसिंग खुर्चीत बसले.

डिस्क त्यांच्या जीपमध्ये सीटखाली सापडली. जागेवर बसवताच कॉम्प्युटर सुरू झाला.

पडद्यावर परवा रात्रीचं चित्रण आलं : बोट धक्क्याला लागली. जयसिंग एकटेच उतरले. बोटीत कुणीतरी आडवं होतं. त्याचा हात वर आला, कठडा धरू पाहत होता. जयसिंगांनी रस्त्याकडे पाहिलं, परत बोटीकडे पाहिलं. मग ते आत बसले आणि दिवा न लावता बोट पुन्हा पाण्याकडे वळवली.

सखू दारात कधी येऊन उभी राहिली, कुणालाच कळलं नाही.

“जित्ता व्हता की,” ती म्हणाली. आवाज चढला नाही. “कुटं सोडला?”

जयसिंगांनी खिडकीतून हातानं दाखवलं. धरणाच्या भिंतीच्या अलीकडे, पाणी काळं दिसतं तिथं.

हेमलतांनी पाणबुड्यांना फोन लावला. सखू वळली आणि काठाकडे चालू लागली.