हौसाआत्याच्या आलेखातल्या टेकड्या

संध्याकाळपर्यंत कोडं सुटलं नाही, तर शेजारच्या हौसाआत्याची गोळी उद्यापासून दुप्पट होणार होती. रेवतीच्या आजोबांना, अण्णांना, तीच भीती होती. नको तेवढं औषध गेलं तर आत्या चक्कर येऊन पडायची.

अण्णा शास्त्रज्ञ. जिथे डॉक्टर महिन्यातून एकदाच येतात, अशा वस्त्यांसाठी त्यांनी मनगटी पट्टी बनवली होती. ती रोज रक्तदाब (रक्ताचा नळ्यांच्या भिंतींवर पडणारा जोर) मोजून शहरातल्या डॉक्टरांना कळवायची.

भिंतीवर आत्याचा सहा महिन्यांचा आलेख (आकड्यांचं चित्र) उजळला होता. सगळा सपाट माळ आणि मध्येच टेकडी. साधारण दर पंधरा दिवसांनी एक. तेव्हा रक्तदाब चढायचा, म्हणूनच डॉक्टर गोळी वाढवणार होते.

"एकदाच मोजलं असतं तर नुसता ठिपका दिसला असता," अण्णा म्हणाले. "रोज मोजलं म्हणून टेकड्या दिसल्या. पण का, ते पट्टीला कळत नाही."

रेवतीनं कॅलेंडर आणून तारखा ताडून पाहिल्या.

"अण्णा, प्रत्येक टेकडी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी! चंद्र आत्याचं रक्त ओढतो?"

"चंद्र समुद्र ओढतो. आत्याला ओढणं त्याला जमायचं नाही. चल, तिलाच विचारू."

आत्या अंगणात शेंगा फोडत होती.

"आत्या, एकादशीला गोळी घेतेस?"

"अगं, उपासाला कशी चालेल? त्यात मक्याचं पीठ असतं, नर्सबाईच म्हणाली. राजगिऱ्याची गोळी काढा की, अण्णा!"

"पण तू तर रोज घेते म्हणालीस!"

"रोजच घेते की. एकादशी काय रोज असते?"

रेवती खो खो हसली. अण्णा हसले नाहीत.

"तुझ्या आजीलाही हीच गोळी होती, आणि तीही एकादशी कडक करायची," ते म्हणाले. "मी तिला कधी विचारलंच नाही."

मग त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. गोळी वाढली नाही. दवाखान्यातलं गोळ्या छापणारं यंत्र मक्याऐवजी बटाट्याच्या पिठातही तीच गोळी छापू शकत होतं.

"बटाटा चालतो," आत्यानं निकाल दिला.

अण्णांनी सगळ्या पट्ट्यांना एक प्रश्न शिकवला. आता त्या हजारो माणसांना विचारतात, 'कोणत्या दिवशी तुम्हाला गोळी चालत नाही?'

पुढच्या एकादशीला चंद्र नेहमीसारखा वर आला. दुसऱ्या दिवशी रेवतीनं आलेख उघडला आणि अण्णांना हाक मारली.

माळ सपाट होता. अण्णा बराच वेळ त्याच्याकडे बघत उभे राहिले.