रिकाम्या खुर्चीपुढची साक्ष

ज्यांना खोटं वाटेल त्यांनी इथंच थांबा. मी त्या व्हरांड्यात उभी होते. माझ्या कानांनी ऐकलंय.

रात्र नव्हती. गेल्या मार्चमधली भर दुपार. शिक्षकांचे तंटे चालतात असं आमच्या धाराशिवकडचं एक न्यायाधिकरण. नेमकं कुठलं, ते सांगणार नाही.

माझे वडील शरणबसप्पा, आमचे अण्णा, तेरजवळच्या एका खाजगी शाळेत गणित शिकवायचे. पटावर खोटी पोरं दाखवायला त्यांनी नकार दिला. संस्थेनं त्यांच्यावरच चोरीचा आळ घेतला आणि घरी बसवलं. अण्णा न्याय मागायला गेले.

त्यांची साक्ष तोंडावर आली आणि तिथले एकुलते एक न्यायाधीश निवृत्त झाले.

मला सांगा, माणूस कधी निवृत्त होणार हे आधी माहीत नसतं? तारीख ठरलेलीच असते की! तरी खुर्ची रिकामी होईपर्यंत कुणी जागचं हललं नाही.

झाल्यावरही नाही.

अण्णा दर तारखेला इस्त्रीचा सदरा घालून जायचे. "साहेब न्हाईत. पुढची तारीख." घरी येऊन भिंतीकडं तोंड करून पुन्हा तयारी करायचे. "साहेब, मी चोर न्हाय. माझं एवढं ऐकून घ्या."

ऐकायला कुणी आलंच नाही.

अण्णा गेले. गावात चोर म्हणूनच गेले.

त्या दुपारी वारस म्हणून आई आणि मी गेलो होतो. बलभीममामा तिथले शिपाई. पक्षकारांच्या नावाचा पुकारा तेच करायचे. त्यांनी मान खाली घातली.

"साहेब न्हाईत, ताई. जागा भरायची जाहिरात निघणार हाय म्हनं."

आई भडकली. "माझा माणूस मेला तवा बी जाहिरातच निघणार व्हती न्हवं?"

व्हरांड्यात आम्ही तिघंच. समोर कोर्टाचं दार. बाहेरून कुलूप.

आणि आतून... पुकारा झाला.

"शरणबसप्पा... हाजिर हो..."

आवाज बलभीममामांचा होता. आणि मामा तर आमच्यासमोर तोंड मिटून उभे होते.

मग खोकला... कोरडा, अडखळत येणारा. आईनं माझं मनगट गच्च धरलं.

"हजर हाय, साहेब."

अण्णा!

"साहेब, मी चोर न्हाय. माझं एवढं ऐकून घ्या."

"साहेब... ऐकताय न्हवं?"

कुणी उत्तर दिलं नाही. द्यायला होतं कोण?

मामांनी कुलूप काढलं. आत कुणीच नव्हतं. उंचावरची खुर्ची, टेबल, साक्षीदाराचा कठडा... सगळ्यावर धुळीचा जाड थर. त्यावर एक बोटसुद्धा उमटलेलं नव्हतं.

मी आईला मागं ओढलं. ती ऐकेना. तरातरा पुढं गेली आणि टेबलावर हात आपटून त्या खुर्चीवर ओरडली, "मेलेला माणूस बी साक्षीला आला रं! तुमास्नी एक जित्तं माणूस हितं बसवता येईना?"

तेवढ्यात आमच्या पाठीमागून...

"हजर हाय."

बाईचा आवाज. मग एका म्हाताऱ्याचा. मग कोपऱ्यातून अजून कुणाचा तरी. हजर हाय, साहेब... हजर हाय...

मामांनी आम्हा दोघींना बाहेर खेचलं.

"ह्यातलं एक बी जित्तं न्हाय, ताई. समद्यांचा पुकारा म्याच केलेला हाय."

पावसाळ्यात नवे न्यायाधीश आले. तेही दिवाळीनंतर निवृत्त होणार, हे साऱ्यांना माहीत आहे. त्यांच्या जागी कोण? कुणालाच माहीत नाही. विचारलं की लोक माझ्याकडंच बघतात, जणू मीच काहीतरी वाईट बोलले.

मागच्या तारखेला आम्ही त्याच व्हरांड्यात बसलो होतो. जेवणाची सुट्टी. दाराला कुलूप. आई हल्ली थकलीय. माझ्या शेजारी बसून बाटलीतलं पाणी पीत होती.

आतून पुकारा झाला.

"प्रेमाबाई... हाजिर हो..."

प्रेमाबाई माझ्या आईचं नाव.

"हजर हाय, साहेब," आतून उत्तर आलं. आईच्याच आवाजात...

आईनं बाटली खाली घेतली. "कुणाला बोलावलं गं?"

"कुणाला नाही," मी म्हणाले.

आता पुढची तारीख आलीय, आईच्या साक्षीची. आईला नेऊ की नको, मला कळत नाही.

नाही नेलं, तर गैरहजर म्हणून आमचाच दावा फेटाळतील.